अर्धं घर अजून जमिनीतच आहे : सभासदांना आवाहन

स. न. वि. वि.

मागच्या ऑगस्टमध्ये गव्हाची कापणी झाल्यावर इथे पूर्व इंग्लंडमधल्या आपल्या गावाबाहेरच्या शेतात जो ‘काळा डाग’ सापडला, त्याविषयी बोलायला मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मी पाच मिनिटं मागून घेतली होती. नेमकी त्याच पाच मिनिटांत पानं वाढली गेली. श्रीखंडापुढे सॅक्सन (रोमनांनंतर समुद्रापलीकडून इथे आलेल्या लोकांच्या) झोपडीचं काय चालणार! म्हणून आता लेखी कळवतो आहे.

तो डाग म्हणजे घर आहे. सुमारे चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि जेमतेम गुडघाभर खोल खळगा. दोन्ही टोकांना एकेका मेढीची खूण. त्या दोन मेढ्यांवर आढं टाकायचं आणि दोन्ही बाजूंनी छप्पर उतरवायचं. जर्मन अभ्यासक याला ‘ग्रुबेनहाउस’ म्हणतात, आपण खळग्यावरचं घर म्हणू. रोमन सत्ता इथून गेल्यावर, पाचव्या ते सातव्या शतकात, पूर्व इंग्लंडमध्ये अशी घरं गावोगाव होती. एसेक्समधल्या मकिंगला दोनशेहून जास्त निघाली. आपल्या सफोकमध्ये वेस्ट स्टो इथे स्टॅन्ली वेस्ट यांनी १९६५ ते १९७२ या काळात सत्तरच्या आसपास शोधली. मंडळाची सहल तिथे गेली होती तेव्हा पुन्हा उभारलेल्या घरांपुढे सगळ्यांनी फोटो काढले, ते फोटो अजून गटावर फिरतात. म्हणजे घर कसं दिसायचं हे निदान सर्वांना ठाऊक आहे.

पुरातत्त्वज्ञ ई. टी. लीड्स यांनी १९२१ साली सटन कोर्टनीला अशी घरं खणायला घेतली, तेव्हा तळाशी हाडं, राख, फुटकी खापरं पाहून त्यांना वाटलं की ही माणसं त्या घाणीतच राहत होती. बिचाऱ्यांची बरीच वर्षं बदनामी झाली. वेस्ट स्टोच्या कामानंतर मत बदललं. खळग्यावर फळ्यांची जमीन असावी आणि माणसं वर कोरड्यात वावरत असावीत, असं तिथल्या पुराव्यावरून मांडलं गेलं. घर मोडल्यावर खळग्याचा उकिरडा झाला आणि लीड्स यांना दिसला तो उकिरडा. सगळ्याच घरांना अशा फळ्या होत्या का, यावर अभ्यासक अजून भांडतात. आपल्या खळग्याच्या उरलेल्या भागात त्याबद्दल काही हाती लागेल, अशी आशा आहे.

‘उरलेल्या’ म्हणतो, कारण खळग्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोनच खणले आहेत. मातीचे थर उभ्या कापात दिसावेत म्हणून तसं करतात. त्या दोन भागांत हाडाच्या फणीचा तुकडा, जनावरांची हाडं आणि भाजक्या मातीची फुटकी कडी मिळाली. कडी पाहून येवल्याच्या वहिनी लगेच म्हणाल्या, “अहो, हा तर खड्डामाग!” तसं नाही. इथला माग उभा असे आणि ताणा ताठ राहावा म्हणून खाली ही कडी बांधत. पण ‘इथे कुणीतरी विणत होतं’ हे आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांनीच ओळखलं, याची नोंद मी मुद्दाम करतो.

नोंद करायची म्हटली तर आधी दादांची. विद्यार्थिदशेत ते डेक्कन कॉलेजच्या इनामगावच्या उत्खननात (हे काम १९६८ ते १९८३ चाललं) घोड नदीकाठी घमेली वाहायला गेले होते. वयाच्या पंचाहत्तरीत, गुडघ्यांना पट्टे बांधून, त्यांनी इथली दुसरी मेढ शोधली. तज्ज्ञ बाई दोनदा त्याच जागेवरून गेल्या होत्या. दादा वाकले, बोटाने माती दाबली आणि म्हणाले, “इथे मऊ आहे.” बस्स! इप्सविचच्या काकूंनी तीन शनिवार जुन्या टूथब्रशने खापरं धुतली, वर सगळ्यांना थालीपीठं खिलवली. भिशीच्या मैत्रिणींनी एका महिन्याची अख्खी भिशी दिली. डॉक्टर दांपत्याने चाळण्यांचा खर्च उचलला आणि नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही, पण कोण ते सर्वांना माहीत आहे. शेतमालकांनी भाडं न घेता शेत दिलं आणि आपल्या मुलांना ट्रॅक्टरवरही बसवलं. गावच्या इतिहास मंडळातले आजी-आजोबा तर पावसातही यायचे.

आपल्याकडून किती आलो? सहा. गणपतीच्या महाप्रसादाला अडीचशे पानं उठतात. रागावून लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही. समितीच्या बैठकीत एकाने विचारलं, “हे आपलं काय?” आपली मुलं इथल्या शाळेत जातात, कौन्सिल टॅक्स आपण भरतो आणि थडग्याची जागाही काहींनी इथेच बघून ठेवली आहे, एवढंच मी म्हणालो. घरी आल्यावर मात्र आठवलं की २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात, पूर्व इंग्लंडमधल्या त्या काळच्या माणसांचा सरासरी तीन-चतुर्थांश वंश उत्तर समुद्रापलीकडून आलेला निघाला. आणि हे असलं घर बांधायची रीतही पलीकडचीच. बैठकीत वेळेवर सुचलं असतं तर बरं झालं असतं.

घाई यासाठी की सप्टेंबरअखेर तिथे पेरणी आहे. खळगा मुळातच उथळ, दर नांगरटीत वरचा थोडा थर जातो. त्यातून गेल्या हिवाळ्यात रात्री कुणीतरी मेटल डिटेक्टर घेऊन येऊन दोन भोकं पाडून गेलं. एका ठिकाणी अनुदानासाठी अर्ज केला होता. ‘प्रकल्प लहान आहे’ असं उत्तर आलं. लहानच आहे, म्हणून तर मागतो आहोत.

आता कामाचं, थोडक्यात. खणकाम ऑगस्टच्या शेवटच्या दोन शनिवार-रविवारी, सकाळी ९॥ ते ४, म्हणजे गणपतीच्या तयारीच्या आधी आटोपेल. रोज दहा माणसं हवीत : चार चाळायला, चार धुवायला, दोन चहाला. खणणं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, अनुभव नको. १६ वर्षांखालच्यांसोबत पालक हवेत. जाड बूट, टोपी, डबा, पाणी आणावं. रोमफर्ड व केंब्रिजकडच्यांनी गाड्या वाटून घ्याव्यात, शेतात चारच गाड्या राहतात. पैसे : १,८५० पौंड कमी आहेत (दोन कार्बन चाचण्या, हाडांची तपासणी, वस्तूंची पेटी व शाळेतलं छोटं प्रदर्शन). २० पौंडही चालतील. रक्कम गावच्या इतिहास मंडळाच्या खात्यात जाते. ते नोंदणीकृत धर्मादाय असल्याने, इथे कर भरणाऱ्यांनी गिफ्ट एडचा (देणगीवरच्या करसवलतीचा) अर्ज भरला तर दर पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात. गेल्या वेळी तीनच जणांनी भरला. खाते क्रमांक व अर्ज मंडळाच्या गटावर वर चिकटवून ठेवला आहे. शेवटची तारीख १० ऑगस्ट. वस्तू इंग्लंडच्या संग्रहालयात राहतील, घरी न्यायला मिळणार नाहीत (हा प्रश्न तिघांनी विचारला).

आपला नम्र,
कार्यवाह

ता. क. : दिवाळीला नेलेली मंडळाची दोन मोठी घमेली कुणाच्या गॅरेजमध्ये असतील तर कृपया परत करावीत, दादा रोज विचारतात.