घोड्याच्या ठाणाला घरदाराचा कडीकोयंडा नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो आणि तेथून मारवाडी, काठेवाडी जनावरे राज्यभरातल्या गावांत जातात. जात, चाल, भोवरे (अंगावरच्या केसांची वळणे), रंग यांची पारख करण्यात खरेदीदार कसूर करीत नाहीत. मात्र घोडा घरी आणल्यावर तो ज्या दाराआड राहणार त्या दाराच्या कडीचा विचार सहसा कोणीच करीत नाही. घोड्यांच्या देखभालीशी अनेक वर्षे संबंध असल्यामुळे या एका विषयाकडे अश्वपालकांचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे घोडा पूर्वापार अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून व मागून दोर, लावून उघड्या ठाणावर बांधला जात असे. त्यामुळे दार आणि कडी हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. आता शेतघरांवर आणि रायडिंग क्लबांमध्ये घोडा मोकळा सोडता येईल असे साधारण १२ फूट लांबी-रुंदीचे बंद खण बांधले जातात, आणि ही गोष्ट घोड्याच्या दृष्टीने निश्चितच चांगली आहे. परंतु या खणांची दारे गावातला फॅब्रिकेटर तयार करतो आणि घराच्या किंवा गोदामाच्या दाराला जो अल्ड्रॉप किंवा टॉवर बोल्ट, म्हणजे सरकणाऱ्या दांड्याची कडी, बसवतो तोच येथेही बसवतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण वेगळे काही हवे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

घोड्याचा वरचा ओठ अतिशय चपळ असतो. दिवसभर खणात उभ्या असलेल्या जनावराला दुसरा उद्योग नसला की ते अर्ध्या दारावरून मान बाहेर काढून कडी चाटते, ढकलते, दातांत धरून हलवते, आणि आडवा सरकणारा साधा दांडा हा अशा प्रयत्नांपुढे टिकणारा नसतो. रात्री सुटलेला घोडा रस्त्यावर गेला तर त्याच्याबरोबर वाहनचालकाच्याही जिवावर बेततेच. पण तो आवारातच राहिला तरी धोका संपत नाही, कारण त्याची पावले बहुधा चंदीच्या, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या, कोठीकडे वळतात. घोड्याला उलटी करता येत नाही. हरभरा किंवा इतर धान्य त्याने बेसुमार खाल्ले तर ते पोटात आंबते, पोटशूळ उठतो, आणि त्यातून वाचलेल्या जनावराच्या खुरांना एकदोन दिवसांत असा दाह होऊ शकतो की ते कायमचे लंगडे व्हावे. आपल्याकडे अनेक नर खच्ची केलेले नसतात. असा घोडा शेजारच्या खणातल्या घोडीपर्यंत किंवा दुसऱ्या नरापर्यंत पोहोचला तर काय होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

म्हणून कडी भक्कम हवी, हे खरे. पण केवळ भक्कम असून भागत नाही, आणि नेमके येथेच बहुतेकांचे पाऊल चुकते. उघडल्यावर अल्ड्रॉपचा दांडा किंवा त्याची मूठ दाराच्या कडेबाहेर डोकावत राहिली, तर घाईने बाहेर पडणाऱ्या घोड्याची बरगडी किंवा कमरेचे हाड तिच्यावर घासते आणि कातडी फाटत जाते. उघड्या तोंडाच्या आकड्यात पापणी किंवा नाकपुडी अडकली की घोडा स्वभावतः झटक्याने मागे ओढतो आणि जखम वाढवतो. मोहरकी, म्हणजे डोक्याला बांधलेला दोर किंवा पट्टा, दांड्यात अडकली तरी तेच होते. दार सुतळीने किंवा तारेने बांधून ठेवणे तर सर्वांत वाईट, कारण ते घोड्याला चावून सोडवता येते आणि माणसाला घाईत सोडवता येत नाही.

माझ्या मते योग्य कडी म्हणजे स्प्रिंगच्या जोराने बसणारा जाड दांडा. त्याची मूठ बंद स्थितीत खाचेत पडलेली असावी, जेणेकरून आधी उचलल्याशिवाय ती सरकणार नाही, आणि उघडल्यावर दांड्याचे टोक दाराच्या पत्र्याआड पूर्ण जावे. ही कडी घोड्याची मान पोहोचणार नाही इतकी खाली बसवावी, किंवा तिच्यावर पत्र्याचे आच्छादन द्यावे. याशिवाय दाराच्या तळाशी बाहेरच्या बाजूने पायाने लावता येणारी दुसरी खिट्टी असणे मी आवश्यक समजतो: घोडा लोळताना किंवा लाथ मारताना दाराचा खालचा भाग बाहेर झुकतो, आणि त्या फटीत खूर अडकले तर पायाचे हाड मोडण्यापर्यंत पाळी येते. दार नेहमी बाहेरच्या बाजूला उघडावे किंवा भिंतीलगत सरकावे, कारण आत उघडणाऱ्या दाराला टेकून घोडा आडवा पडला तर मदतीला आलेल्या माणसाला आतच जाता येत नाही.

लोणावळा, माथेरान किंवा कोकणासारख्या भरपूर पावसाच्या भागात लाकडी दार फुगते आणि साधे लोखंड एका पावसाळ्यात गंजून जाम होते. तेथे जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा दांडा घ्यावा आणि खाचेत थोडी मोकळीक ठेवावी. थोडा खर्च वाढेल, पण येथे काटकसर करू नये.

आगीचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पागेत वाळलेले गवत असते, ओलसर रचलेले गवत आतून तापून स्वतःही पेटू शकते, आणि आग लागल्यावर हाताशी फार थोडा वेळ उरतो. त्या क्षणी खणाच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली शोधत बसण्याइतका अवधी मिळत नाही. चोरीची भीती असल्यास कुलूप आवाराच्या फाटकाला लावावे, खणाला कधीही नाही. कडी अंधारात, एका हाताने, दुसऱ्या हातात बादली किंवा दोर असताना उघडता आली पाहिजे, आणि हे मालकानेच नव्हे तर मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने) व घरातल्या लहान चणीच्या माणसानेही करून पाहावे. दार तयार झाल्यावर चौकट, दार आणि कडी यांवरून जुनी घोंगडी दाबून फिरवावी. तिचा धागा जेथे अडकेल तेथे घोड्याची कातडीही अडकणार, असे समजून ती जागा घासून गुळगुळीत करून घ्यावी.

पशुसंवर्धन विभागाला आणि सारंगखेड्याच्या यात्रेच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, यात्रेच्या मैदानावर योग्य कडी बसवलेले नमुन्याचे एक दार उभे करावे आणि त्याची मापे मराठीत छापून खरेदीदारांना द्यावीत. कडी हाताने उघडून-लावून पाहिलेला आणि मापांचा कागद खिशात असलेला माणूस गावी गेल्यावर आपल्या फॅब्रिकेटरकडून तसेच दार नक्की करवून घेऊ शकेल.

आपला विश्वासू,
एक अश्वपालक, पुणे जिल्हा