काकू, प्रबंधात नाव बदललं ते तुझंच

प्रिय काकू,

ऊसतोड बायकांवरचा पीएचडीचा प्रबंध जमा केला. आभाराच्या पानावर गाइड आले, ग्रंथपाल आले, तू नाहीस. यंदाची उचल, म्हणजे तोडीचे आगाऊ पैसे, तुम्ही मुकादमाकडून घेतलीय, आणि त्याच्याबद्दल तू बोललीस ते मी लिहिलंय. म्हणून हे पत्रही बिननावाचं. नातीकडून मोबाइलवर वाचून घे.

ऊसतोड बायकांवर अभ्यास करायचा ठरला तेव्हा वाटलं होतं, आपलाच बीड जिल्हा, आपलेच आईबाप, यात अवघड ते काय! उसाच्या फडात पोचले तर जी ती म्हणे, "तुला ठावंच हाय की." मीही मान हलवायची. पहिल्या दिवसाचं निम्मं रेकॉर्डिंग म्हणजे माझंच "हो, हो" आहे.

संध्याकाळी कोपीपुढं भाकरी थापता थापता तू बायकांना म्हणालीस, "तिला काय ठावं? ती आजीपाशी गावात ऱ्हायची. सांगा तिला."

लागलं मला. पण खरंच होतं. दिवाळीच्या सुमाराला आईबाप गेले की उन्हाळ्यापर्यंत माझ्यासाठी कारखाना म्हणजे गल्लीतली कुलपं.

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांची मिळून, हे लहानपणापासून ऐकलेलं. उचल कुणाच्या हातात पडते, हे मात्र कधी विचारलंच नव्हतं. पाळीत, तापात खाडा झाला की पैसे कापतात. दिवसभर तोडून रात्री गाडी आली की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. आडोसा नाही म्हणून आंघोळ अंधारातच. तू "सांगा" म्हणालीस आणि त्या सांगत सुटल्या.

२०१९च्या सरकारी पाहणीत बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा माझ्या पहिल्याच प्रकरणात होता. आईचीही काढलीय, हे तुझ्या कोपीत कळलं. (इथं लिहू का, हे आईला विचारलंय.)

"बोलले मी, अन् नाव दुसरीचं?" म्हणून तू रुसलीस. त्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

टोळी निघायच्या आधी प्रत घेऊन येते. तू ज्या पानांवर आहेस ती वाचून दाखवते. चुकलं असेल तिथं अडव. तोंडी परीक्षा अजून व्हायचीय, दुरुस्ती करता येईल.

तुझी पुतणी