सिरॅमिक इंजिनाची चर्चा धाग्यापासून व्हावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या जीई कंपनीचे एफ-४१४ हे लढाऊ विमानाचे इंजिन भारतात बनवण्याविषयी २०२३ पासून जे छापून येते, त्यात मिळणाऱ्या तंत्रज्ञानांच्या यादीत ‘सिरॅमिक संमिश्र भागांचे यंत्रण व लेपन’ (म्हणजे कापून-घासून आकार देणे व लेप चढवणे) असा उल्लेख असतो. बातम्या त्याची ओळख ‘उष्णता सोसणारा हलका पदार्थ’ एवढ्यावर उरकतात. खरे तर उष्णता सोसणे हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग वाचकांपुढे येत नाही, म्हणून यादीत काय नाही हेही कुणी विचारत नाही.

या संमिश्राचा मूळ पदार्थ सिलिकॉन कार्बाइड हे सिरॅमिक. नुसते ते ठिसूळ असते. एक तडा गेला की आरपार जातो. म्हणून त्यात त्याच पदार्थाचे धागे घालतात. भिंत लिंपताना मातीत भुसा कालवतात तसे हे वाटेल, पण इथे धागा भोवतालच्या सिरॅमिकला घट्ट चिकटला तर सगळेच फसते. तडा धागाही कापून पुढे जातो. त्यासाठी सुमारे १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या प्रत्येक धाग्यावर बोरॉन नायट्राइडचा एक मायक्रॉनहूनही पातळ थर चढवतात. तडा या थरापाशी वळतो, धागा जरासा सरकतो आणि भार पेलत राहतो. पदार्थाची सारी मजबुती या न दिसणाऱ्या थरावर उभी आहे.

असा ५०० धाग्यांचा पेड राळ, कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीच्या काल्यातून ओढून ढोलावर गुंडाळतात. त्यातून मिळणाऱ्या पट्ट्या दिशा बदलत एकावर एक रचून ऑटोक्लेव्ह या बंद दाबपात्रात तापवून दाबतात, मग भट्टीत राळेचा कोळसा करतात. या सच्छिद्र तुकड्यात निर्वात भट्टीत वितळलेले सिलिकॉन (वितळणबिंदू १,४१४ अंश सेल्सिअस) शोषले जाते आणि कार्बनशी संयोग पावते. धाग्यावरच्या थरात कुठे खंड पडला असेल, तर हेच सिलिकॉन आत शिरून धागा खाते. तुकडा वरून निर्दोष दिसतो आणि भार आला की काचेसारखा तडकतो. उरलेले मोकळे सिलिकॉन थिजताना बर्फासारखे फुगते, पृष्ठभागावर त्याचे मणी येतात. त्याच्यामुळेच हा भाग १,३०० अंशांच्या फार पुढे नेता येत नाही. शेवटची घासणी हिऱ्याच्या चाकाने होते.

दुसरा शत्रू वाफ. इंधन जळताना पाण्याची वाफ निघतेच. सिलिकॉन कार्बाइडवर तयार होणारा सिलिकाचा संरक्षक पापुद्रा तिच्याशी संयोग पावून वायुरूपात उडून जातो आणि भाग झिजत राहतो. धातूच्या पात्यांवरचा झिर्कोनियाचा लेप इथे चालत नाही, कारण तापल्यावर तो सिलिकॉन कार्बाइडच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतो आणि सुटतो. म्हणून आधी सिलिकॉनचा व त्यावर यटर्बियम सिलिकेटसारखा, प्रसरणात जुळणारा लेप फवारतात. आपल्याकडची धूळ इथे आडवी येते: १,२०० अंशांच्या वर ती वितळून काचेसारखी होते आणि लेपात मुरते. भारतीय हवेत उडणाऱ्या इंजिनांसाठी ही बाब प्रयोगशाळेपुरती नाही.

ही भविष्यातली गोष्टही नाही. इंडिगोच्या अनेक एअरबस आणि अकासाच्या बोइंग विमानांना लीप इंजिने आहेत. २०१६ मध्ये सेवेत आलेल्या या इंजिनाच्या उच्चदाब टर्बाइनभोवतीच्या कड्यात असे १८ तुकडे बसतात. घनता निकेल मिश्रधातूच्या सुमारे एक-तृतीयांश, आणि थंड करायला हवा कमी लागत असल्याने ती हवा कामाला उरते. जीईच्या जीई९एक्स या प्रवासी विमानाच्या इंजिनात तर ज्वलनकक्षाचे अस्तर आणि टर्बाइनची स्थिर पातीही याच पदार्थाची आहेत.

आता मूळ मुद्दा. यंत्रण आणि लेपन शिकणे चांगलेच, पण धागा कुठून येणार? १९७५ मध्ये तोहोकू विद्यापीठातील सेइशी याजिमा यांनी पॉलिकार्बोसिलेन या बहुवारिकापासून (पॉलिमरपासून) असा धागा काढला. सुरुवातीचे धागे हवेत पक्के करत, त्यामुळे त्यांत १० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन राही आणि १,२०० अंशांपुढे ते कमजोर पडत. इलेक्ट्रॉन झोताने हवेविना पक्के करायची रीत सापडल्यावर ऑक्सिजन एका टक्क्याखाली आला.  आजही या दर्जाचा धागा मुख्यतः जपानी कंपन्या बनवतात. अमेरिकेत जीईने अलाबामातील हंट्सव्हिलला कारखाना उभारला तोही जपानी परवान्यावर, आणि त्यात अमेरिकी हवाई दलाचा पैसा आहे. ज्यांच्याकडे इंजिने आहेत त्यांनाही धाग्याची एवढी चिंता वाटली.

पॉलिकार्बोसिलेनवर तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि कानपूरची डीआरडीओ प्रयोगशाळा यांनी काम केलेले आहे. पुण्यात बहुवारिकांचे जाणकार राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहेत, तर चाकणला लीप आणि जीई९एक्सचे सुटे भाग बनतात. यापुढे स्वदेशी इंजिनाची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी संबंधितांना एवढे जरूर विचारावे: ऑक्सिजन एका टक्क्याखाली असलेला धागा देशात वर्षाला किती किलो तयार होतो, आणि त्यावर बोरॉन नायट्राइड चढवणारी भट्टी कुठे चालू आहे?

आपले,
सिरॅमिक पदार्थांवर काम करणारे काही अभियंते, पुणे