पुरावा सैनिकाकडे मागू नका : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, जय हिंद.

१९७१ चे युद्ध लढले, पण ज्यांच्या सेवा नोंदीत त्या युद्धाची पदके चढलीच नाहीत, अशा माजी सैनिकांविषयी हे पत्र आहे. मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरी क्लार्कची, पार्ट टू ऑर्डर (जवानांच्या नोंदीतले बदल कळवणारा आदेश), नॉमिनल रोल (पलटणीतल्या नावांची यादी), शीट रोल (जवानाच्या सेवेची नोंद) यांच्यातच हयात गेली. आता साताऱ्यात असतो. आसपासच्या गावांतले जुने जवान, त्यांच्या बायका, मुले कागदांची पिशवी घेऊन येतात. पेन्शनचे काम असेल तर उशिरा का होईना, मार्ग निघतो. पदकाचे असेल तर निघत नाही.

माझी मागणी एकच आहे. राहून गेलेल्या पदकाचा पुरावा सैनिकाकडे मागणे थांबवा. तो पुरावा सरकारच्या दप्तरात पडलेला आहे, तो सरकारने काढावा.

एका माणसाबद्दल सांगतो. त्यांचे नाव, पलटण इथे देत नाही. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. डिसेंबर १९७१ मध्ये ते पूर्व आघाडीवर होते. तोफगोळ्याच्या कपच्या डाव्या खांद्यात आणि बरगडीखाली घुसल्या. फील्ड ॲम्ब्युलन्समधून मागे आणले, मग लष्करी इस्पितळ, मग मेडिकल बोर्ड, आणि शेवटी घर. तेव्हापासून ते अपंगत्वाची पेन्शन घेतात. अपंगत्व लढाईतल्या जखमेने आले, असे त्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, स्पष्ट लिहिलेले आहे. डिस्चार्ज बुकातले पदकांचे पान उघडावे तर तिथे एकटे संग्राम मेडल. पूर्व आघाडीचे ‘पूर्वी स्टार’ हे पदक नाही. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला मिळते ते पराक्रम पदक, जुनी माणसे ज्याला वुंड मेडल म्हणतात, तेही नाही.

संग्राम मेडल त्या काळात वर्दीत असलेल्यांना सरसकट मिळाले, मग तो जवान आघाडीवर असो वा डेपोत. पूर्वी स्टार मिळतो तो पूर्वेच्या ठरवून दिलेल्या क्षेत्रात हजर असलेल्यालाच. म्हणजे पदकांच्या पानाप्रमाणे तात्या युद्धावर गेलेच नाहीत, आणि पेन्शनच्या कागदाप्रमाणे तिथे त्यांना गोळा लागला. दोन्ही कागदांवर शिक्का भारत सरकारचाच. एका कागदाच्या आधारे सरकार त्यांना दरमहा पैसे देते आणि दुसऱ्याच्या आधारे त्यांनाच विचारते की तुम्ही तिथे होता कशावरून? त्यांच्या अर्जाला आलेल्या उत्तराचा अर्थ एवढाच होता: आमच्या नोंदीत आढळत नाही, आपल्याकडे पुरावा असल्यास पाठवा.

अशी नोंद राहते कशी, हे आपल्याला कुणी फायलीवर लिहून देणार नाही, म्हणून सांगतो. शौर्यपदकाला शिफारस लागते, कुणीतरी साक्षीदार अधिकारी लागतो. मोहिमेच्या पदकाचे तसे नसते, ते यादीवर चालते. युद्ध संपले की पलटणीतला क्लार्क नॉमिनल रोल काढतो, कोण कोण त्या क्षेत्रात होते ते पाहून हक्कदारांची यादी बनते, पार्ट टू ऑर्डर निघते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे शीट रोलवर चढते. ज्याचे नाव यादीत, त्याचे पदक. आता जखमी जवानाचे पाहा. तो इस्पितळात गेला आणि तिथेच राहिला की पलटणीच्या स्ट्रेंथवरून कमी होतो. काही महिन्यांनी पदकांची यादी बनते तेव्हा पलटणीच्या रोलवर त्याचे नाव नसते. तो जातो रेजिमेंटच्या सेंटरच्या डेपोत. पण सेंटर काही युद्धावर गेलेले नसते, त्यामुळे तिथला क्लार्क त्याच्यासाठी यादी बनवत नाही. दोन कार्यालयांच्या मधल्या जागेत माणूस हरवतो. त्यात वुंड मेडल सुरू झाले १९७३ मध्ये. तोवर बोर्डाउट झालेले, म्हणजे मेडिकल बोर्डाने सेवेतून कमी केलेले, कितीतरी जवान घरी पोहोचून शेताला लागले होते. त्यांना असे काही पदक निघाले आहे हे कळवणार कोण?

सगळ्यात जास्त जखमा झालेल्याच्याच नोंदीत सगळ्यात कमी पदके दिसावीत, याचे कारण हे असे आहे. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. त्या युद्धात आपले ९,८०० च्या वर जवान जखमी झाले. त्यांतल्या किती जणांच्या शीट रोलवर ती जखम पदक म्हणून चढली, हे आपल्या मंत्रालयाने एकदा मोजून देशाला सांगावे.

जखमींखेरीज आणखी काही जण यादीबाहेर राहतात. दुसऱ्या पलटणीला जोडून दिलेले ड्रायव्हर, सिग्नलवाले, स्वयंपाकी, न्हावी, धोबी. लढले एकीकडे, कागद दुसरीकडे. नावांचा घोळ वेगळाच. भरतीच्या वेळी पांडुरंगाचा पांडू झाला, आडनावाच्या जागी गावाचे नाव लागले, इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक क्लार्कने आपापल्या कानाप्रमाणे केले. तरी हे सोडवणे अवघड नाही, कारण जवानाचा नंबर बदलत नाही. ऐंशीच्या घरातला माणूस जेवला का ते विसरतो, पण झोपेतून उठवून विचारला तरी नंबर बरोबर सांगतो.

मग पुरावा कुठे आहे? जवान जखमी झाला की बॅटल कॅज्युअल्टी म्हणून पलटणीकडून वर संदेश जातो. इस्पितळात भरती-सुटीची नोंद होते. मेडिकल बोर्डाच्या कागदांत जखम कुठे, कधी आणि कशाने झाली ते लिहावे लागते. वेतनाच्या खात्यात त्याचा फील्ड भत्ता दिसतो. पलटणीच्या वॉर डायरीत त्या दिवशी पलटण कुठे होती ते असते. यांतला एकही कागद सैनिकाच्या ताब्यात कधी दिला जात नाही. जे त्याला दिलेच नाही तेच त्याच्याकडे मागायचे, यात कसला न्याय आहे?

वॉर डायऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच मंत्रालयाचे धोरण आठवून देतो. जून २०२१ मध्ये युद्धांच्या नोंदी खुल्या करण्याविषयीचे धोरण जाहीर झाले. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांत नोंदी खुल्या कराव्यात आणि पंचवीस वर्षांहून जुन्या नोंदी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्याव्यात, असे त्यात आहे. त्या धोरणाचे मी मनापासून स्वागत केले होते. ते इतिहासकारांसाठी होते, हे मान्य. पण त्याच डायऱ्या आणि त्यांना जोडलेली परिशिष्टे शीट रोलच्या शेजारी ठेवून तपासली तर हजारो सैनिकांचे काम होईल.

आता जे पेन्शनर नाहीत, त्यांच्याविषयी. यांची अवस्था तात्यांपेक्षा वाईट आहे. त्या काळात ठराविक वर्षे कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष पलटणीतली नोकरी) करून माणूस रिझर्व्हमध्ये जाई, आणि युद्धाची चाहूल लागली की पुन्हा बोलावला जाई. युद्ध संपले, परत घरी. अशा अनेकांना पेन्शन लागली नाही. आणि आर्मी रेग्युलेशन्स १९८७ च्या परिच्छेद ५९५ प्रमाणे पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रे पंचवीस वर्षांनी नष्ट करता येतात. केली गेली आहेत. न्यायालयांत आणि न्यायाधिकरणांत सरकारी वकील हेच उत्तर देत आले आहेत.

कोरेगाव तालुक्यातल्या एक आजी आल्या होत्या. यजमान असेच रिझर्व्हमधून बोलावलेले. आता हयात नाहीत. पत्र्याच्या डब्यातून त्यांनी एक आंतर्देशीय पत्र काढले. घड्यांवर फाटलेले, शाई पुसट. मजकुरात युद्धाचे अक्षरही नाही. बैलाची चौकशी, धाकटीच्या खोकल्याची चौकशी. पण पत्त्याच्या बाजूला ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) आहे आणि डिसेंबर १९७१ ची तारीख आहे. लष्करी टपालात ९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडची पलटण, हे कुठल्याही फौजीला विचारा. सरकारने त्या माणसाचा कागद नष्ट केला, आणि आजींनी सरकारचा शिक्का सांभाळून ठेवला. हे पत्र आज कुठल्याही नियमात पुरावा म्हणून बसत नाही. ते बसले पाहिजे.

अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या लष्करी अभिलेख केंद्राला आग लागली आणि माजी सैनिकांच्या दीड कोटीहून अधिक फायली जळाल्या. त्यांनी लोकांना हात वर करून दाखवले नाहीत. वेतनाची बिले, इस्पितळांच्या नोंदी, मिळेल तो दुय्यम कागद जोडून सेवेचा तपशील पुन्हा उभा करण्याचे काम तिथे अजून चालते. शिवाय सैनिकी नोंदीतली चूक किंवा अन्याय दुरुस्त करण्यासाठी १९४६ च्या कायद्याने नागरी सदस्यांची मंडळे नेमण्याची सोय झाली. तिथला माजी सैनिक एक ठरलेला फॉर्म भरतो. मुदत तीन वर्षांची आहे, पण न्यायासाठी मंडळ ती माफ करू शकते. अमेरिकेची उठसूट उदाहरणे द्यावीत अशा मताचा मी नाही, पण हे घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे काय आहे? रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, त्याने नाही म्हटले की सशस्त्र दल न्यायाधिकरण. म्हणजे वकील, वकालतनामा, मुंबईच्या खंडपीठाच्या फेऱ्या, आणि अर्ज फेटाळल्यापासून सहा महिन्यांची मुदत. कारगिलच्या युद्धात बटालिक भागात ब्रिगेड सांभाळणाऱ्या ब्रिगेडियर देविंदर सिंग यांना आपल्या कामगिरीची नोंद सुधारून घ्यायला याच मार्गाने जावे लागले, आणि २०१० मध्ये न्यायाधिकरणाने त्यांचे म्हणणे मान्य केले. एका ब्रिगेडियरला अकरा वर्षे लागली. बिगारीपर्यंत शिकलेल्या, ऐकू न येणाऱ्या शिपायाने हाच रस्ता धरावा अशी अपेक्षा कशी करायची?

आमच्या सात-बारावर लेखनाची चूक झाली तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदार ती दुरुस्त करतो. जुने फेरफार काढून बघणे त्याच्या कचेरीचे काम असते. शेतकऱ्याला अर्ज कुठे द्यायचा ते ठाऊक असते. शीट रोलवरच्या चुकीला असा एक ठरलेला अधिकारी आणि ठरलेली पद्धत का नसावी?

काहीजण म्हणतील की या पदकांना भत्ता नाही, जमीन नाही, मग एवढा आग्रह कशाला. त्यांच्यासाठी तात्यांकडची आणखी एक गोष्ट सांगतो. कराडला विजय दिवस समारोह असतो, तिथे जाताना आजोबांच्या छातीवर पदक असावे म्हणून नातवाने दुकानातून हुबेहूब पदक आणले. रिबन तीच, घडण तीच. तात्यांनी ते हातात घेतले, उलटे केले नाही, सुलटे केले नाही, सरळ उभे धरून कडेवर अंगठा फिरवला. खऱ्या पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव कोरलेले असते. इथे कड गुळगुळीत. त्यांनी ते नातवाला परत दिले आणि म्हणाले, "हे कुणाचंच नाही. ठेव खेळायला." ते समारोहाला गेले, साध्या कोटावर, एकटे संग्राम मेडल लावून. पैशाचा विषय असता तर त्यांनी पेन्शनवाढीचा अर्ज कधीच केला असता. तो त्यांनी केलेला नाही.

आपण आदेश काढावा तो असा. १९७१ पासून सुरुवात करून प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसने बॅटल कॅज्युअल्टीच्या याद्या आणि पदकांच्या याद्या स्वतःहून ताडून पाहाव्यात; सैनिकाच्या अर्जाची वाट पाहू नये. जिथे पीपीओवर युद्धातली जखम मान्य आहे तिथे दुसरा कागद न मागता पदक मंजूर करावे. कागद नष्ट झालेल्यांच्या बाबतीत टपालाचे शिक्के, इस्पितळाच्या चिठ्ठ्या, त्याच पलटणीतल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे ग्राह्य धरावीत. विधवांना आणि मुलांना हाच हक्क असावा. उरलेली जुनी कागदपत्रे स्कॅन होईपर्यंत नष्ट करण्याचे काम आजच थांबवावे. याला तर पैसाही लागत नाही. आणि मंजूर झालेले पदक टांकसाळीतून नाव कोरून यावे. "बाजारातून घ्या" असे पत्र येऊ नये.

हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतून होऊ शकते. गावोगावचे माजी सैनिक त्यांना माहीत असतात. आमच्यासारखे निवृत्त क्लार्क प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि मानधन न घेता बसायला तयार आहेत. शीट रोल कसा वाचायचा हे आम्हाला शिकवावे लागणार नाही.

२०२१ मध्ये सुवर्ण विजय वर्षाच्या मशाली देशभर फिरल्या. मोठा सोहळा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या युद्धात वीस वर्षांचे असलेले जवान आज पंचाहत्तरीला आले आहेत; हवालदार, सुभेदार होते ते ऐंशी-नव्वदीत. मी ज्यांचे अर्ज लिहिले त्यांतले काही उत्तर येण्याआधी गेले. म्हणून समिती नेमून अहवालाची वाट पाहू नये, ही विनंती. पीपीओवर जखम मान्य असलेल्यांची प्रकरणे याच वर्षी, १६ डिसेंबरच्या आत निकाली निघू शकतात.

तात्यांच्या पीपीओची आणि डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत, त्यांच्या संमतीने, माझ्याकडे तयार आहे. आजींच्या पत्राचीही आहे. आपल्या कार्यालयातून कळवावे, त्याच दिवशी रजिस्टर टपालाने पाठवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार (क्लार्क)
सातारा