बोर्डवाल्या काकांचे जाहीर आभार

प्रिय काका,

समोर आभार मानले की तुम्ही "ते राहू दे, रेघ ओढा" म्हणून वाटेला लावता. म्हणून कट निबने झाडं काढायला शिकवल्याबद्दल हे पत्र.

कट निबने, म्हणजे चपट्या, सरळ कापलेल्या टोकाच्या पेनाने, अक्षरं गिरवणाऱ्याचा पहिला धडा म्हणजे धारेचा कोन हलू द्यायचा नाही. ४५ अंश म्हणजे ४५ अंश. तोच हात घेऊन माणूस ठाण्याच्या तलावपाळीवर झाडासमोर बसतो आणि झाड एका अंगाने लुळं पडतं. एका बाजूच्या फांद्या लाकडाच्या ओंडक्यासारख्या, दुसऱ्या बाजूच्या केसासारख्या. निब आपल्याच धारेच्या दिशेने सरकलं की रेघ बारीक येणारच. पण दोष नजरेला दिला जातो. "अक्षरात कोन धरायचा, झाडात सोडायचा," असं सांगून तुम्ही तो दोष बोटांवर आणून ठेवलात. आयुष्यभर चपट्या ब्रशने बोर्ड रंगवणाऱ्यालाच हे सुचावं.

ए-५ वहीत खोडाला ३.८ मिमी रुंदीचं निब पुरतं. ६ मिमीचं घेतलं तर एका ओढीतच बुंधा संपतो. बुंध्याशी धार आडवी, म्हणजे पूर्ण रुंदी. वर जाताना पेन बोटांत हळूहळू फिरवत धार उभी करत न्यायची. एका दमात जाड खोड निमुळतं होत शेंड्याला पोचतं. फाट्याशी रेंगाळू नये, तिथे शाई साचून गाठ येते. (बाभळीला शोभते, नारळाला नाही.) बोरूने, म्हणजे तासलेल्या वेताच्या लेखणीने, असं वर ढकलता येत नाही. टोक कागदात रुततं, शिंतोडे उडतात, म्हणून बोरू शेंड्याकडून बुंध्याकडे ओढायचा. पायलट पॅरलल या कट निबच्या पेनाचं निब म्हणजे दोन सपाट पट्ट्या; गुळगुळीत कागदावर ते दोन्हीकडे चालतं.

वडाच्या पारंब्या तर तुमच्याच. धार उभी, पेन सरळ खाली, रेघ केसाएवढी. जी पारंबी जमिनीला टेकते तिच्या शेवटच्या बोटभर अंतरात निब आडवं वळवायचं, की दोरीचा खांब होतो. वर्षावृक्षाची छत्री पानं मोजत बसून होत नाही. १.५ मिमीच्या निबाचे आडवे ठिपके, सावलीकडे दाट; पण मधली आभाळाची भोकं आधीच ठरवायची, शाई पडल्यावर पांढरं परत मिळत नाही. येऊरच्या जंगलातल्या ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल काढायची तर निब जवळजवळ कोरडं होऊ द्यायचं आणि झपकन ओढायचं. रेघ जिथे तुटते तिथेच साल दिसते.

रेघेची एकच कड फाटत असेल तर निब कागदावर सपाट टेकलेलं नाही. जोर देऊन उपयोग नाही, पट्ट्या लवत नाहीत. मध्येच शाई धरत नसेल तर तिथे तळहाताचा तेलकट घाम लागलाय. हाताखाली कोरा कागद ठेवायचा. ठाण्याच्या पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो आणि शाई कडेने पिसासारखी फुटते. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची, बसल्यावरच काढायची. पेनासोबतची शाई पाण्यात विरघळते, त्यामुळे सावलीच्या बाजूने ओला ब्रश फिरवला की करडी छटा फुकट मिळते. भुरभुर पाऊसही तेच करतो, न विचारता. म्हणून कुणी वॉटरप्रूफ शाई भरायला जातं. ती पट्ट्यांमध्ये वाळून बसते आणि पेन कामातून जातं. पेनाच्या डब्यात येणारी पातळ पारदर्शक फिल्म बरेचजण फेकून देतात. ती पट्ट्यांच्या फटीतून एकदा सरकवली की अडकलेला कागदाचा धागा निघतो, हेही तुम्हीच दाखवलंत.

तुम्ही तासून दिलेल्या दोन बोरूंपैकी एक अजून छान चालतो. दुसऱ्याची चीर वरपर्यंत गेली आहे. रविवारी घेऊन येतो, चाकू आणा.

तुमची,
तलावपाळीच्या कट्ट्यावरची मंडळी