डॉक्टरकीचं विचारलं तर काय सांगायचं

ती. आई आणि नाना यांना सा. नमस्कार.

आई, परवा तू सावद्याच्या मावशीला माझी डॉक्टरकी दोन वर्षांत संपेल म्हणून सांगून टाकलंस. फोनवर हा विषय काढला की मागे टीव्ही चालू असतो, मध्येच नाना जेवलीस का विचारतात, आणि बोलणं तिथेच राहतं. म्हणून हे पत्र लिहितेय. नाना, चष्मा लावून सावकाश वाचा.

मी डॉक्टर होणार नाहीये. इथे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मुख्य विषय लिहून द्यायचा असतो. मी पब्लिक हेल्थ लिहून दिला, म्हणजे एकेका रोग्याऐवजी सगळ्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास. (तसंही अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल, त्यामुळे मावशीला सांगितलेला हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नव्हता.) माझ्या कॉलेजात मेडिकल कॉलेज नाही, दवाखाना म्हणाल तर सर्दी-तापाच्या गोळ्या देण्यापुरता. साथरोगांचा अभ्यास बायोलॉजीच्या मॅडम घेतात, आकडेशास्त्र गणित विभागात, आणि त्याच आठवड्यात मी समाजशास्त्राच्या वर्गात वस्त्यांचे नकाशे बघत असते. पूर्वी हा विषय बहुतेक ठिकाणी पदवीनंतरच शिकवत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्याचं वेगळं स्कूल १९१६ साली काढलं. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या सल्लागार संस्थेने म्हटलं की पदवीच्या प्रत्येक मुलाला हा विषय शिकायला मिळायला हवा, आणि मग आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांतही तो वाढला.

नाना विचारतील, समाजशास्त्राचा आजाराशी काय संबंध? मलाही पहिल्या सेमिस्टरला तो फालतू वाटला होता. मग शिकागोचं प्रकरण आलं. जुलै १९९५ मध्ये तिथे पारा ४१ अंशांपर्यंत गेला. आपल्याकडे ४१ ला कुणी पंख्याचं बटणसुद्धा वाढवत नाही. पण तिथे हवा दमट होती, रात्रीही उकाडा उतरत नव्हता, आणि त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त गेली. बरीचशी म्हातारी आणि एकटी राहणारी, दारं-खिडक्या लावून बसलेली. त्यातही लागून असलेल्या दोन गरीब वस्त्या होत्या, ऊन दोन्हीकडे तेच. एकीकडे दुकानं चालू, रस्त्यावर वर्दळ, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती. तिथे मृत्यू कमी. दुसरीकडची दुकानं, कारखाने कधीच उठले होते, घरं ओस पडली होती. तिथे फार जास्त. हे रक्त तपासून कळणार नाही.

ते वाचताना मला आपली गल्लीच दिसत होती. दादा पुण्यात, मी इथे, आणि समोरच्या काकू मुलाकडे नाशिकला गेल्यापासून ओट्यावर बसायला कोण उरलंय?

म्हणून मी उन्हावरच काम करायचं ठरवलंय. उन्हाने गेलेला माणूस कागदावर उन्हाने जात नाही. हार्ट अटॅक लिहितात, नाहीतर म्हातारपण. मग मोजायचं कसं? त्या महिन्यात एरवी किती माणसं जातात आणि यंदा किती गेली, ते ताडून बघायचं. अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला होता. मागच्या वर्षांशी ताडून पाहिलं तर त्या महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त निघाले. तो आकडा हातात आला म्हणून २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उन्हाचा आराखडा केला: आधी इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. पण तो शहराचा. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराला त्यातलं काय लागू पडतं, हे मला बघायचंय.

आपल्याकडे केळीचा विमा आहे. ठरलेल्या अंशांच्या वर सलग काही दिवस पारा राहिला की भरपाई निघते, बागेत येऊन कुणी पाहायचीही गरज नाही. म्हणजे कुठल्या उन्हात केळीला त्रास होतो हे सरकारदरबारी लिहून ठेवलंय. घड कापणाऱ्यासाठी असा आकडा आपल्या गावात कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, हाच तुझा विषय.

आणि नाना, तुमचंच घ्या. दिवसाच्या लाईटचा आठवडा आला की तुम्ही भर दुपारी मोटर चालू करायला मळ्यात जाता. डॉक्टर बीपी मोजतात, गोळी देतात, पण फीडरला लाईट किती वाजता येते हे कुठला डॉक्टर विचारतो? मी ते विचारायला शिकतेय. त्यातून तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध असेल, तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी लवकर कमी होतं. गोळी मनाने बंद करू नका, पण मार्च संपायच्या आत डॉक्टरांना दाखवून घ्या. आई, तूही सुटली नाहीस. बिबड्यांचा घाटा हाटायला पहाटे बसतेस ते ठीक, पण स्लॅबच्या घरातला दुपारचा स्वयंपाक मळ्यापेक्षा कमी नाही. धाब्याचं घर पाडलं तेव्हा आजी उगाच कुरकुरत नव्हती.

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात परीक्षा संपतात, मग मी येते. कॉलेज उन्हाळी कामाला थोडे पैसे देतं, तिकीट त्यातून निघेल. नाना, एक काम करून ठेवा. ग्रामसेवकांना विचारा, मागच्या दहा वर्षांची मृत्यूंची नोंदवही बघायला कोणाची परवानगी लागेल. मला नावं नकोत, फक्त तारीख आणि वय. लेखी अर्ज लागत असेल तर मजकूर कळवा. इथली नैतिकता समितीही मंजुरी देईल तेव्हाच मला कुणाला प्रश्न विचारता येतील, त्यामुळे तोवर गावात बोभाटा नको.

मावशीला मात्र आत्ताच सांगा. विचारलं की मग ती करते काय, तर म्हणा, उन्हाळ्यात येईल तेव्हा तुलाच विचारायला येणार आहे, दुपारी कुठे बसतेस म्हणून.

तुमची,
छोटी