विषय: स्प्रिंकलरच्या ब्रँचला 40 आणि 32 च्या जागी सरसकट 25 चा पाइप, बिल मात्र जुन्याच साइझचं

प्रति,
व्यवस्थापक,

कालच्या फोननंतर हे लिहितोय, तेव्हा नमस्कार-चमत्कार राहू द्या.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पोडियम पार्किंगमधली गंजलेली स्प्रिंकलर लाइन, म्हणजे आग लागल्यावर छतातून पाणी फवारणारी पाइपलाइन, तुम्ही बदललीत. पंपरूममधल्या ड्रॉइंगप्रमाणे प्रत्येक ब्रँचवर (मुख्य पाइपाच्या फाट्यावर) पाच हेड, म्हणजे पाणी फवारणारी तोंडं: शेवटच्या दोन हेडना 25 एमएम, तिसऱ्याला 32, पुढे टीपर्यंत, म्हणजे फाटा जिथे मुख्य पाइपाला जोडतो तिथपर्यंत, 40. तुमच्या कोटेशनमध्येही हेच. प्रत्यक्षात टीला लगेच रिड्यूसर (साइझ कमी करणारा जोड) ठोकून टोकापर्यंत सगळा 25 चा. लाल रंग फासला की खालून कोणाला कळतंय! आम्ही शिडी लावून टीजवळ शिंप्याची टेप गुंडाळली. घेर साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे 25 चाच (साइझचा आकडा नावापुरता, बाहेरून पाइप जाडच असतो). 40 च्या पाइपाचा 15 भरतो. बिल 40 आणि 32 चं.

आता कालचा फोन. तुमच्या साइट इंजिनिअरने सुरुवातच अशी केली, "काका, गेज बघितला का? सात किलो दाखवतोय." म्हटलं, पाणी वाहत नसताना गेज कुठल्याही साइझच्या पाइपात तेवढंच दाखवणार. तर म्हणे, "उलट बारीक पाइपात प्रेशर वाढतं, काका. बागेतली नळी बोटाने दाबून बघा, पाणी कसं लांब जातं." मागे कोणीतरी हसलं. फोन म्यूट करावा एवढंही सुचलं नाही. मी विचारलं, हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन, म्हणजे कुठल्या पाइपातून किती पाणी किती प्रेशरने पोचेल याचा हिशेब, कुठाय? उत्तर आलं, "ते तुम्हाला कळणार नाही. आणि आग काय रोज लागते का?"

वा! फायरचं काम करणाऱ्या कंपनीने हे गिऱ्हाइकाला सांगायचं.

नळीचं तोंड दाबणं वेगळं आणि अख्खी नळीच बारीक करणं वेगळं, हे तुम्हाला तरी माहीत असेल. इथे तोंड म्हणजे हेड, के-80 चं. त्याला 1 बार (म्हणजे साधारण 1 किलो) प्रेशर मिळालं तर मिनिटाला 80 लिटर पाणी पडतं, पाव बार मिळालं तर 40. आणि तेवढंच पाणी 32 ऐवजी 25 मधून न्यायचं तर घर्षणात जाणारं प्रेशर जवळपास चौपट होतं, 40 ऐवजी 25 मधून न्यायचं तर आठपट. म्हणजे आग लागून दोन-चार हेड फुटले की टोकाच्या हेडखालच्या गाडीवर मूळ हिशेबापेक्षा कमीच पाणी पडणार.

ईमेलमध्ये तुम्ही लिहिलंत की लाइन 14 बारला दोन तास टिकली. टिकली म्हणजे गळत नाही, बस. पाणी पुरेसं पोचतं हे त्यातून सिद्ध होत नाही. नवा पाइप आतून गुळगुळीत असतो म्हणून बारीक चालतो, हे तुमचं आणखी एक म्हणणं. अहो, मूळ हिशेबातच स्टीलला सी फॅक्टर (पाइप आतून किती गुळगुळीत त्याचा आकडा) 120 धरतात. नव्या पाइपालाही तोच.

साइझ बदलायला आमची हरकत नव्हती. आधी हिशेब दाखवायचा होता, ड्रॉइंग बदलायचं होतं, आम्हाला सांगायचं होतं आणि बिल 25 चं लावायचं होतं. यातलं एकही केलं नाहीत. बिल तर 40 चंच लावलंत.

आता असं करा. एकतर ड्रॉइंगप्रमाणे पाइप टाका, नाहीतर सहीशिक्क्यानिशी कॅल्क्युलेशन द्या आणि आमच्यासमोर टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडून वाहत्या पाण्याचं प्रेशर दाखवा. तोवर उरलेले पैसे मिळणार नाहीत. 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याखालचा फॉर्म बी, म्हणजे अग्नियंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर जानेवारी-जुलैत तुमच्यासारख्या परवानाधारकांच्याच सहीने जातो. या लाइनवर ती सही करायची तुमची हिंमत असेल तर करा. टेपसकट फोटो आणि तुमचं बिल घेऊन मी महापालिकेच्या अग्निशमन विभागात जाईन, आणि तुमचा परवाना जिथून मिळतो त्या राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांकडेही. ग्राहक आयोग आहेच.

तुमचं नाव मीच मिटिंगमध्ये सुचवलं होतं. आता प्रत्येक मिटिंगला ते ऐकून घेतोय.

उत्तर लेखी द्या. त्या इंजिनिअरकडून फोन नको.

सेक्रेटरी,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)